मायनं घेतलेला पहारा

आमच्या गावात ज्यांना सगळे महाराज म्हणायचे, त्यांनी निजामाच्या राजवटीत माझ्या वडिलांची वीणा फोडली होती. तेव्हा ते देवळाचे कारभारी होते. विहिरीवरच्या चामड्याच्या मोटा शिवणाऱ्या आमच्या आळीतलं भजन देवळापर्यंत ऐकू येतं, देव बाटतो, असं त्यांचं म्हणणं. काठीचा दुसरा तडाखा वडिलांच्या उजव्या हातावर बसला. अंगठा कायमचा वाकडा झाला, आरी धरवेना. त्यानंतर मोटा मायच शिवायची.

मग संस्थानाचं विलीनीकरण झालं, आणि कारभाऱ्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळली. तिची शेवटची इच्छा काय, तर खालच्या आळीतलं भजन ऐकवा. बाई वर्षानुवर्षं परसात बसून चोरून ऐकत होती! कारभारी स्वतः आमच्या दारात आले. माय म्हणाली, "जाऊ नगा." पण वडील सांधलेली वीणा घेऊन गेले. म्हातारीनं भजन ऐकता ऐकताच डोळे मिटले.

तेव्हापासून हा माणूस आमच्या भजनात येऊन बसू लागला, तोही चपलांपाशी. भावकीनं वाळीत टाकलं तरी येत राहिला. पुढं ते स्वतः कीर्तन करू लागले, लोक त्यांना महाराज म्हणू लागले, आणि दहा वर्षांत त्यांच्या कीर्तनाला तामलवाडीपासून अणदूरपर्यंतची माणसं जमू लागली. माझ्या नाकावर कायम राग. 'करून करून भागले आणि देवपूजेला लागले,' असं मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायची. वडील नुसते हसायचे. त्यांना त्या माणसाचा लळा लागला होता, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. माय मात्र त्यांच्याशी चकार शब्द बोलत नसे.

वडील गेले, त्या वर्षीचा आमच्या आळीतला सप्ताह. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. सकाळचा पहारा, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन उभं राहायची वेळ, वडिलांचा असायचा. तो आता कुणाचा, यावर माणसं हुज्जत घालू लागली.

"त्यो पहारा त्या घरचा हाय," महाराज म्हणाले, आणि वीणा घेऊन थेट बायकांत बसलेल्या मायपुढं आले. "घ्या, अक्का."

बाईनं वीणा घ्यायची रीत नव्हती. माणसं कुजबुजली. माय उठली. महाराजांनी वीणा तिच्या गळ्यात घातली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आता तिची पाळी. तिनं वाकू नये असं मला वाटत होतं, आणि वडिलांचा हसरा चेहराही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"उठा," माय म्हणाली. "पर म्या वाकणार न्हाय."

"नगा वाकू. म्या त्यासाठी आलो न्हाय."

माय दुपारपर्यंत उभी होती. महाराज मांडवाबाहेर उन्हात बसून राहिले. पहारा संपल्यावर तिनं पुढच्या माणसाला वीणा दिली, रीतीप्रमाणे त्याच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "त्यांना पाणी दे." मी तांब्या भरून निघाले, तर तिनं तो माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतःच गेली.

आमच्या लोकांना गावात पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं. महाराजांनी तिच्यापुढं तशीच ओंजळ धरली. मायनं पाणी ओतलं नाही.

"हात खाली घ्या," ती म्हणाली. "आमच्या घरी तांब्यानं पाणी पितात." आणि तांब्या तिनं त्यांच्या हातात दिला. मला रडू आवरलं नाही.