तुंगारेश्वरचा उतार, नणंदेसोबत

सुनीताने सायकल विकायला काढली, म्हणून आम्ही गेलो. इंद्रलोक भागातल्या तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिने फोटो टाकला होता आणि एक गृहस्थ सोमवारी सायकल बघायला येणार होते. सुनीता माझी धाकटी नणंद, वय त्रेपन्न. मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही दोघींनी एकाच दिवशी ग्रॅव्हल बाइक घेतल्या. या सायकलींचं हँडल खाली वळलेलं असतं, टायर जाड आणि खाचांचे असतात, आणि डांबर संपलं तरी त्या चालतात. गेल्या वर्षी उत्तनच्या समुद्राकाठच्या टेकडीवरून उतरताना सुनीताने पुढचा ब्रेक घट्ट दाबला आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. कॉलरबोन मोडलं. ते सांधलं, पण तेव्हापासून उतार दिसला की ती खाली उतरते आणि सायकल हाताने धरून चालत नेते. सपाटीवर आणि चढावर मात्र आजही माझ्या पुढे असते.

मी तिला सांगितलं, शनिवार-रविवार माझ्याबरोबर चल. पहिल्या दिवशी वज्रेश्वरीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पारोळहून तुंगारेश्वरचं जंगल ओलांडून घरी. तो उतार सायकलवर बसून उतरलीस तर विकायची नाही. नाही जमलं तर सोमवारी मी स्वतः सायकल पुसून त्या गृहस्थांच्या हातात देईन.

"वहिनी, तू विचारतेयस की ठरवतेयस?" तिने विचारलं.

ठरवतेय, असं मी म्हटलं.

जानेवारीतला शनिवार. पहाटे साडेपाचला पेणकरपाड्याच्या नाक्यावर भेटलो. सुनीता दहा मिनिटं उशिरा आली आणि त्याबद्दल तिला ऐकून घ्यावं लागलं. काशिमीऱ्याहून हायवेला लागलो की पहिला थांबा घोडबंदरचा किल्ला. बहुतेक सायकलवाले वरसावे पुलाच्या घाईत तो सोडून देतात. तसं करू नका. पोर्तुगीजांनी बांधला, मराठ्यांनी घेतला, मग इंग्रजांकडे गेला. खाडीतून अरबी घोडे इथे उतरत म्हणून हे नाव. बुरुजावर उभं राहिलं की उल्हास खाडीचं वळण दिसतं आणि या जागेसाठी तीन सत्ता का भांडल्या ते कोणी समजावून सांगावं लागत नाही. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो; भरतीचं पाणी होतं, पलीकडे डोंगर निळे. वर्षानुवर्षं मी याच्या खालून बसने गेले आहे आणि वर बघितलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

पूल ओलांडल्यावर शिरसाड फाट्यापर्यंत हायवे. हा भाग कंटाळवाणा आणि धोक्याचा आहे. ट्रक डावीकडून घुसतात, म्हणून मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा आणि साडेआठ वाजायच्या आत इथून निघून जा. शिरसाडला उजवीकडे वळलं की लगेच वाहतूक विरळ होते. मांडवीला चहा घेतला. गावात जुन्या कोटाची थोडी भिंत उरली आहे, ती कुठे असं टपरीवर विचारलं. टपरीवाल्या काकांनी आधी आमच्या सायकली नीट बघून घेतल्या.

"मोटार न्हाय हिला?"

नाही, असं सुनीताने सांगितलं.

"मंग येवढे पैशे कशाचे घेतले?"

सुनीता इतकी हसली की चहा सांडला. काकांनी दुसरा दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि कोटाकडे जाणारी पायवाटही दाखवली. झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेले दगड, एवढंच आहे तिथे. पण बघा.

पारोळच्या पुढे रस्ता हलके हलके वर-खाली होत जातो. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, वालाचे हिरवे पट्टे, मागे तुंगारेश्वरची रांग. इथे दोन छोटे उतार लागले. दोन्ही ठिकाणी सुनीता खाली उतरली आणि मी पुढे थांबून तिला कसं बसायचं ते सांगितलं. ती हो हो म्हणाली.

दुपारी वज्रेश्वरी. देवळाजवळच्या साध्या लॉजमध्ये दोघींना नऊशे रुपयांत खोली मिळाली; सायकली आत घेऊ देतील का, हे आधीच विचारून घ्या. आकलोलीच्या गरम कुंडांत पाय सोडून बसलो. पाणी खरंच चटका देणारं आहे, एकदम पाय घालू नका. संध्याकाळी देवळात गेलो. वसईचा किल्ला जिंकला तर देऊळ बांधीन, असं चिमाजी अप्पांनी देवीला बोलून ठेवलं होतं, असं सांगतात. वसई पडली आणि हे देऊळ उभं राहिलं. ते देवळापेक्षा किल्ल्यासारखंच दिसतं. रुंद दगडी पायऱ्या, वर नगारखान्याचा दरवाजा, भोवती तट. इतिहासात पदवी घेऊन मला पस्तीस वर्षं झाली. वसईची मोहीम मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. त्या विजयाचा दगड पायाखाली घेऊन उभं राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

सुनीताने देवीकडे काय मागितलं ते मी विचारलं नाही. रात्री पिठलं-भाकरी खाल्ली, दीडशेला पोटभर, आणि नऊला झोपलो.

रविवारी सातला निघून पुन्हा पारोळ. इथून डावीकडे जंगलाचा रस्ता. वनखात्याच्या चौकीवर नावं लिहावी लागतात. नियम बदलत असतात, आदल्या दिवशी चौकशी करा आणि पावसाळ्यात इकडे येऊच नका. चौकीवरचे वनरक्षक आमची वयं बघून काळजीत पडले. पलीकडे उतार कसा आहे, असं सुनीताने त्यांना विचारलं.

"चांगला आहे ताई," ते म्हणाले. "चालत गेलात तर."

चढ लाल मातीचा आणि सुट्या खडीचा आहे. टायरमधली थोडी हवा कमी करा, नाहीतर चाक जागच्या जागी फिरतं. साग, ऐन, मधूनच काटेसावरीचं निष्पर्ण झाड. वरच्या अंगाला माथ्याशी पोहोचलं की पश्चिमेला झाडांच्या फटीतून वसईचा सगळा सपाट प्रदेश दिसतो, त्याच्या पलीकडे समुद्राची पांढुरकी रेघ. हे सगळं घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे आणि आपण महाबळेश्वरची बुकिंगं करतो.

मग उतार आला.

मी सुनीताच्या मागे राहिले. पडली तर मी जवळ असावं, असा हिशेब. वजन मागे घे. नजर लांब ठेव. दोनच बोटं ब्रेकवर. डावीकडे खड्डा आहे. ती वीसेक पावलांचं अंतर गेली आणि पाय टेकले. पुन्हा बसली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने सायकल रस्त्याच्या कडेला आडवी घातली आणि दगडावर बसली. मी म्हटलं, अगं, मी सांगतेय तसं करत का नाहीस?

ती चिडली नव्हती. अगदी शांतपणे बोलली.

"उत्तनला तू माझ्या मागे होतीस, वहिनी. 'ब्रेक, सुनीता, ब्रेक' म्हणून ओरडलीस. मी दाबला."

वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते की सुनीता घाबरली आणि तिने चुकीचा ब्रेक दाबला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनाही मीच तसं सांगितलं होतं. ती प्रत्येक वेळी तिथे बसून ऐकत होती. आणि मी ओरडले होते, हे मला आठवलं. पुढे वळणावर रिक्षा दिसली होती मला. ती बरीच लांब होती.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तू रोज डबा घेऊन येत होतीस. काय बोलणार?"

मी माफी मागितली. मला ते फारसं येत नाही, त्यामुळे एका वाक्यात उरकलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "आता पुढे जा. खाली देवळापाशी थांब. मागे बघायचं नाही, हाक मारायची नाही. मी चालत येईन नाहीतर बसून येईन, ते माझं मी बघते."

फोनला तिथे रेंज नाही. उतार तीन-चार किलोमीटरचा, मधे ओढे, गोल गोटे, दोन तीव्र वळणं. मी गेले. एवढा सुंदर रस्ता मी इतक्या वाईट रीतीने कधी बघितला नसेल. प्रत्येक वळणावर मान मागे जायची आणि मी ती पुढे आणायची.

तुंगारेश्वरच्या देवळाबाहेर बेल-फुलं विकणाऱ्या मावशींच्या शेजारी बसले. कोणाची वाट बघतेय, त्यांनी विचारलं. नणंदेची, म्हटलं. त्या म्हणाल्या, नणंदेची येवढी वाट बघनारी भावजय आज पयल्यांदा पाह्यली. वीस मिनिटं गेली. पंचवीस. उठून वर जावं असं चारदा वाटलं आणि चारदा मी खाली बसले.

आधी खडीचा आवाज आला. मग झाडांतून सुनीता आली, सायकलवर बसलेली, कोपर सैल, पाठ मागे, तोंडावर लाल धूळ. सगळा उतार बसून केला नव्हता. दोन वळणं चालत आले, असं तिने स्वतःच सांगितलं आणि मग पाणी मागितलं. मी बाटली दिली. कसं बसायला हवं होतं, त्याबद्दल एक शब्दही बोलले नाही.

देवळात दर्शन घेतलं, बाहेर वडापाव खाल्ले आणि सातिवलीवरून हायवेने तीनच्या सुमाराला घरी. दोन दिवसांत मिळून शंभरएक किलोमीटर झाले.

माझी अट सगळा उतार बसून उतरण्याची होती. त्या हिशेबाने ती हरली होती. पण सोमवारी तिने मला न विचारता त्या गृहस्थांना फोन केला आणि सायकल विकायची नाही असं कळवलं. मला संध्याकाळी कळलं, तेही मला चिडवायला फोन करणाऱ्या तिच्या नवऱ्याकडून. त्याच फोनवर मी त्याला आणि मग घरातल्या सगळ्यांना उत्तनला खरं काय झालं ते सांगितलं. वर्षभर उलटं सांगितलं होतं, तेव्हा ते नीट सांगणं माझंच काम होतं.

तो किल्ला, ते देऊळ, ते जंगल तुम्ही जरूर बघा. सोबत कोणी उताराला घाबरणारं असेल तर त्याला मागे राहू द्या आणि तुम्ही पुढे जा. मला हे अजून नीट जमत नाही. गेल्या रविवारी उत्तनला गेलो तेव्हा टेकडीखाली मी सायकल समुद्राकडे तोंड करून उभी केली आणि सुनीता येईपर्यंत समुद्रच बघत राहिले.