नसलेल्या शिशाची सावली

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाबांनी घरातले देव नदीत सोडले... भुतांनाही त्याच दिवशी निरोप दिला, असं ते हसत सांगायचे. तेव्हा तुम्हाला भास म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा.

सत्तरच्या दशकाची अखेर. नागपूरच्या एका हॉस्पिटलात — नाव मुद्दाम देत नाही — मी कोबाल्ट मशीनवर टेक्निशियन होतो. मेंदूत गाठ असली की डोक्याला दोन्ही बाजूंनी किरणं द्यायची, पण डोळे वाचवायचे. त्यासाठी दर बाजूला, प्रत्येक पेशंटच्या मापाचा, किरणं अडवणारा शिशाचा ठोकळा पारदर्शक पाटीवर स्क्रूने बसवलेला असे. पाटी मशीनमध्ये सरकवून दिवा लावला की ठोकळ्याची सावली डोळ्यावर पडते. सावली जागेवर, तर डोळा सुरक्षित. मी या कामात मोठा शिस्तीचा — असं मीच समजत होतो.

सिंधू अशीच एक पेशंट, खापा गावची. पंचविशीची, मागावर साड्या विणणारी. नवरा टाकून गेलेला, पदरात लहान मुलगी. तिची आई रोज मला दाराशी अडवायची.

"भाऊ, डोये तेवढे सांभाळजा गा. नजर राहिली तं मागावर बसून लेकरू पोसीन पोरगी."

"फिकर नका करू, मावशी. माही जबाबदारी हाय."

सोमवारी आणि मंगळवारी सगळं नेहमीसारखंच. डाव्या बाजूची पाटी सरकवली, हाताला चांगली जड लागली. दिवा लावला, सावली बरोबर डोळ्यावर. बाहेर येऊन मी मशीन सुरू केलं.

बुधवारी सकाळी ठोकळे बनवणारा रघुनाथ कागदात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

"हा घ्या, सिंधूबाईचा डावा ठोकळा. कोपरा घासून देला. शनवारपासून माह्याच टेबलावर पडून हाय."

"मंग दोन दिवस पाटीवर काय होतं?"

"काई नाई. म्याच स्क्रू खोलून काढला ना! काहून, तुम्हाले सांगतलं नाई का कोणी?"

मी धावत जाऊन पाटी काढली. रिकामी... स्क्रूची भोकं तेवढी. वहीच्या पुठ्ठ्याइतकी हलकी. मशीनमध्ये सरकवली, खाली उशी ठेवून दिवा लावला. उशीवर लख्ख उजेड, सावलीचा मागमूस नाही. चार-पाच वेळा करून पाहिलं.

डॉक्टरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नोकरीला घाबरलो, रघुनाथलाही गप्प केलं. या सगळ्यात मला स्वतःची लाज वाटते ती इथे.

डोळ्यात किरणं गेली असतील, तर मोतीबिंदू दिसायला एक-दोन वर्षंही लागतात. दर तपासणीला मी तिच्या डाव्या डोळ्यात चोरून बघायचो. डोळा स्वच्छ होता. गाठ मात्र पुन्हा वाढली, आणि वर्षाच्या आत सिंधू गेली.

तिची आई सांगायला आली. "आखरीपर्यंत नजर शाबूत होती, भाऊ. आदल्या दिशी लेकीची वेणी घातली तिनं. तुमचे लय उपकार हायेत." आणि ती माझ्या पायाशी वाकली.

मला पाय मागे घेता आले नाहीत, खरं बोलताही आलं नाही. ते दोन दिवस तिच्या डोळ्यावर सावली कोणी धरली, मला आजही माहीत नाही. आणि ती नुसती सावलीच होती की तिच्यात शिसंही होतं... सिंधू इतक्या लवकर गेली, की तेही कळायचं राहून गेलं.