रंभाजींचा तिसरा थर

जेवण अंगावर आलंय. आमच्या पुरातत्त्व विभागाच्या कोठीत पंखा कुरकुरतोय आणि मी टेबलावर डोकं टेकते. पाचच मिनिटं. चार वाजता इटलीचे प्राध्यापक येणार आहेत, माझ्या मुठीतला खापराचा तुकडा बघायला.

तुकडा बोटभर, पण ऐट केवढी! नेपल्सकडच्या दारूच्या रांजणाचा हा कान. त्याच्या मातीत ज्वालामुखीची काळी, चमकणारी वाळू आहे. गोदाकाठी पिंपळसोंडला आमच्या खड्ड्यात तो सापडला. तिसऱ्या थरातला असता तर कुणी विचारलं नसतं, असे ढिगानं मिळतात. माझ्या लेखात तो त्याखालच्या, पाचव्या थरातला आहे, म्हणजे दोनशे वर्षं आधीचा. त्या दोनशे वर्षांवर माझं नाव झालंय.

पंख्याचा आवाज लांब जातो.

"बाई, झोपला व्हय?"

कपाटांच्या मधल्या जागेत रंभाजी घुले उकिडवे बसलेत, हातात खुरपं. गेल्या पोळ्याला वारले ते. आमच्या खड्ड्यावरचे सगळ्यात जुने खोदणारे.

"नाही, नुसते डोळे मिटलेत."

"असंच म्हणत्यात समदे," ते हसतात.

कपाटं नाहीतच, खड्ड्याच्या भिंती आहेत. मी तळाशी उभी आहे आणि शिडी कुणीतरी वर ओढून घेतलीय. रंभाजी भिंतीवरून हात फिरवतात. "ही तिसऱ्याची राख. जिभेला खारं लागतंय." खापर चाटून ते कुठल्या मातीतलं हे सांगायची त्यांना सवय होती. आम्ही शिकलेले त्यावर हसायचो.

"त्या दिवशीचं काढू नका," मी म्हणते.

"म्या कुठं काढतुय? तुमच्याच मुठीत हाय की."

त्या दिवशी धुतलेली खापरं गोणपाटावर वाळत होती. वावटळ आली आणि थरांच्या चिठ्ठ्या उडाल्या. मी आठवलं तशी चिठ्ठी लावली, तुकड्यावर शाईनं ५/२१७ लिहिलं, शाई पुसू नये म्हणून वर नेलपॉलिशचा हात दिला. रंभाजी म्हणाले होते, "पाचव्यातला न्हाई बाई. तिसऱ्यातनं म्या काढलाय." आणि मी पन्नास माणसांसमोर म्हणाले होते, "चिठ्ठी वाचता येते का तुम्हाला?" पुढच्या हंगामाला ते आले नाहीत.

आम्ही पैठणच्या एसटी स्टँडवर आहोत. बाकांवर माणसं नाहीत, रांजण बसलेत, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. वारा वाढतोय.

"गाडी कंची धरू, बाई? चिठ्ठीवर पाच लिवलंय. मला तिसऱ्यात उतरायचंय."

"रंभाजी, चिठ्ठ्या धरा!"

"म्या न्हाई धरायचा. तवापास्नं माझा हात खोटा पडला. म्या काढलेलं खापर पोरं दुसऱ्याला इचारून घेत्यात."

मला रडू येतं. मेलेल्या माणसापुढे तरी खोटं कशाला बोलू? "मला त्याच संध्याकाळी शंका आली होती," मी म्हणते. "पण लेख लिहून झाला, वाहवा झाली. आता बदलला तर लोक काय म्हणतील?"

एक एक चिठ्ठी सुटून रस्त्यावर जाते. रंभाजी खुरपं कमरेला खोवतात.

"काय म्हणत्याल? म्हणत्याल, बाईला वाचता येतंय."

गाडीचं दार धाडकन लागतं. मी त्यांच्यामागे धावते, मूठ आवळून, अंगठा तुकड्यावर घासत, घासत.

दार खरंच वाजतंय.

"मॅडम, पाहुणे आलेत," आमचे शिपाई मारुतराव बाहेरून म्हणतात. "चहा आणू का?"

मी मूठ उघडते. तुकड्यावर नंबर नाही. माझ्या अंगठ्याच्या नखात काळी शाई भरलीय, नेलपॉलिशचे पापुद्रे तळव्याला चिकटलेत. मी तुकडा जिभेला लावते. खारट.

"चहा नंतर आणा. आधी शाईची बाटली द्या."

प्राध्यापक दारात उभे आहेत, हात पुढे करून. त्यांना थांबायची खूण करून मी पेन बुडवते आणि मोकळ्या जागेवर लिहिते: ३. त्याखाली, बारीक अक्षरात: रंभाजी घुले यांनी काढला.