पूर्णेच्या पल्याडचा टिप्पर आणि इंद्रभानभाऊची लेन्स

पूर्णा नदीच्या पल्याड चोरून वाळू भरणाऱ्या टिप्परचा मोबाईलवर काढलेला फोटो मी तहसीलदार साहेबांपुढे ठेवला. "नंबर दिसत नाही," म्हणाले. डोकंच सणकलं माझं. जवळ जावं तर वाळूवाल्यांची माणसं दगड मारतात. तडक नांदुऱ्यात इंद्रभानभाऊचा स्टुडिओ गाठला.

तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचे फोटो या माणसानं काढले. आता घरोघरी मोबाईल, म्हणून पासपोर्ट फोटोवर भागवतो. पण जुनी यंत्रं उघडून बसायची हौस तशीच. त्याच्याकडे फिल्मच्या काळातली, लांबचं जवळ आणणारी हातभर लेन्स होती. आतल्या काचांवर बुरशीची जाळी.

"ही डिजिटल कॅमेऱ्यावर बसते का, भाऊ?"

"बसत नाही, बसवा लागते."

भाऊनं काचा पुसल्या आणि उरलीसुरली बुरशी मरावी म्हणून गच्चीवर उन्हात ठेवल्या. आपल्याकडे कशालाही कीड लागली की ऊन दाखवतात. जागा नेमकी भाऊच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, लुगड्यावर घातलेल्या कुरडयांशेजारची. थोड्या वेळानं वरून बाई ओरडल्या, "अहो, धूर निघून राह्यला! माह्या लुगड्याले भोक पाडलं तुमच्या काचेनं!"

"म्हणजे काच चांगली हाय," भाऊ खूश.

"अन् लुगडं?"

भाऊ गच्चीवर जाऊन काचा खाली घेऊन आला.

लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमची रिंग करून आणली. लेन्स कॅमेऱ्यावर बसली, पण जवळचं स्वच्छ अन् लांबचं धुकट. अख्ख्या नांदुऱ्याला दिसणारा हायवेवरचा मारुतीचा उंच पुतळा, तोही धुकट! मी तापलो.

"रिंग जाड झाली. दम धरा, भगवंतराव. मोर्चा नोहे हा."

मग पॉलिश पेपरवर रिंग घासायची, लावायची, मारुतीकडे पाहायचं, परत घासायची. उन्हं कलायच्या आत मारुतीचे डोळे लख्ख दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अल्याडच्या काठावर बसलो. टिप्पर चढावर आला. भाऊनं लेन्स हातानं हळूच फिरवली अन् बटण दाबलं. नंबर असा, की पहिलीतल्या पोरानं वाचावा. साहेबांनाही वाचता आला. टिप्पर जप्त!

भाऊनं तो फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावलाय, दोन नवरा-नवरींच्या मधात. लोक थांबून नंबर मोठ्यानं वाचतात. भाऊ आतून ओरडतो, "नंबर राहू द्या हो, मांगच्या बाभळीचे काटे पाहा!"