घरांवरचे नंबर पुसणारं गाव

"वैशूला घेऊन ये," आईनं दोन दिवस एकच धोशा लावला होता. वैशाली माझी धाकटी बहीण, बार्शी तालुक्यातल्या एका गावात ग्रामसेविका. तिकडं चोऱ्यांची भीती पसरली, माणसं काठ्या घेऊन पहारा द्यायला लागली, एवढं ऐकून आईची झोप उडालेली. शेवटी सोलापूर स्टँडवरून सकाळची बार्शी गाडी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, दोनेक तासांचा प्रवास. बार्शीच्या स्टँडबाहेर गरम भजी खाऊन घ्या, पुढं काही मिळत नाही.

गावची एसटी आता फाट्यावरूनच वळते, कारण लोक गाडीत चढून अनोळखी माणसांची झडती घ्यायचे. दोन किलोमीटर उन्हात तंगडतोड केली. वेशीत एका काठीवाल्यानं अडवलं.

"कुणाकडं निघालाय?"

"ग्रामसेविकेकडं. बहीण आहे मी तिची."

"आधारकार्ड दावा की."

माझं डोकंच सटकलं, पण दाखवलं. फोटो निरखून म्हणतो कसा, "ह्यात तुमीच हाय व्हय?"

वैशूचा चेहरा पार उतरलेला. पाणीयोजनेच्या सर्व्हेवाल्यांनी नळ कुठं द्यायचे ते कळावं म्हणून भिंतींवर गेरूनं नंबर टाकले होते. चोर आधी घरावर खूण करून जातात, असं गावानं कुठंतरी ऐकलेलं. बायकांनी एका दुपारीत सगळे नंबर घासून काढले, आणि सर्व्हेवाले परत आले तर त्यांना देवळात कोंडलं. वैशूनंच सोडवलं. त्यानंतर तलाठी फिरकेना, रस्त्याचा मुकादम रोलर घेऊन गेला. चोर एकही सापडला नव्हता, सरकार मात्र पळालं होतं.

"बॅग भर," मी म्हटलं.

"उद्या सकाळी ते सर्व्हेवाले शेवटचे येणारेत. परत गडबड झाली तर योजना दुसऱ्या गावाला जाईल. मग येते तुझ्याबरोबर."

सकाळी तिनं देवळाच्या भोंग्यावरून दोघा सर्व्हेवाल्यांची नावं, गावं सांगितली. ते आले. लोक नुसते बघत उभे. मग शालनबाई, सगळ्यांत आधी नंबर घासणाऱ्या, वाटीत गेरू कालवून पुढं आल्या.

"परक्या मानसाचा हात नगं. नंबर सांगा, माज्या भिंतीवर मी लिवते."

झालं! घरोघरी बायकांनी आपापला नंबर लिहिला. काहींना आकडे येत नव्हते, वैशूनं हात धरून लिहवून घेतले. मला इतकं हलकं वाटलं की मी पायरीवर फतकल मारून बसले आणि चक्क रडले.

मी एकटीच परतले. वाटेत वाटत राहिलं, भीती खरी होती की खोटी कोण जाणे, पण त्या भीतीनं अडवलेलं पाणी खरं होतं. आईनं दार उघडलं आणि माझ्या मागं बघितलं.

"वैशू कुठाय?"

"नळाची मापं घेतीये."

आई आत गेली. वैशूसाठी घातलेल्या अंथरुणाची घडी करता करता म्हणाली, "पाणी आलं की मला घेऊन चल."