माकडशिंगीचे लाड

सासूबाईंची माकडशिंग मी मारली. जाणूनबुजून नाही, लाड करून मारली. पण मेली ती मेलीच.

निजाम जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. माझं माहेर ढोकीकडचं, काळ्या रानाचं. सासर तुळजापूरच्या डोंगराला टेकलेलं, सगळं दगड अन् मुरूम. नवी नवरी मी, त्यात चार बुकं शिकलेली. उगवणाऱ्या प्रत्येक गोष्टीतलं आपल्याला कळतं, असा माझा ठाम समज.

माकडशिंग ही डोंगरातली रानटी वनस्पती. बोटाएवढ्या चौकोनी हिरव्या कांड्या, ना पान ना डहाळी. कांड्या चिरून मिठात चोळायच्या, कडू पाणी पिळून टाकायचं आणि शेंगदाणे, लसूण, चिंच घालून चटणी वाटायची. सासूबाईंच्या गुडघ्यांना डोंगर झेपेना, म्हणून परसातल्या दगडांच्या ढिगात त्यांनी तिचं एक बेट लावलं होतं. त्या साली तापानं त्यांच्या तोंडाची चव गेली. भाकरीचं ताट मागं सारायच्या अन् म्हणायच्या, "माकडशिंग जरा भरू दे, तिच्या चटणीसंगं जेवीन."

मग त्या आठ दिवस लेकीकडं उमरग्याला गेल्या. मला त्या झाडाची दया आली. दगडात उपाशी मरतंय बिचारं! उपटून मोरीच्या तोंडाशी लावलं, शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. तिसऱ्या दिवशी कांड्या टरारल्या. शेजारच्या धनगराच्या काकूला मी हौसेनं दाखवायला नेलं.

"लई सेवा चाललीय गं," ती म्हणाली. "बाळंतीण हाय काय ही?"

मला ते कौतुकच वाटलं. सातव्या दिवशी कांडी धरली, तर शेंबडासारखी बोटांतून ओघळली.

आता सासूबाई जेवणार कशाशी? दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी काकूच्या मेंढरांमागं डोंगर चढले. जिथं हिरवं दिसेल तिथं मी वाकत होते.

"तिथं काय हुडकतीस?" काकू वरून ओरडली. "माती न्हाय तिथं बघ!"

बोराटीच्या जाळीखाली, दोन दगडांच्या फटीत सापडली एकदाची. हातापायाला काटे ओरबाडले, पण ओटीत कांड्या घेऊन घरी आले. बघते तर सासूबाई मोरीपाशी उभ्या.

"आत्याबाई, म्या मारली," म्हणून मी भोकाडच पसरलं.

त्यांनी ओटीतल्या निम्म्या कांड्या घेतल्या, स्वतः विळीवर चिरल्या, चटणी वाटली आणि दीड भाकरी खाल्ली. मी दारात उभी राहून घास न् घास बघत होते. उरलेल्या कांड्या त्यांनी सावलीत ठेवल्या. ते बघून माझा हात सवयीनं तांब्याकडं गेला.

"ठेव तो तांब्या! चार दिवस कांडीचं तुटकं तोंड वाळू दे, मंग दगडात खोच. आन् लईच माया आली तर माझ्याकडं ये पाणी घेऊन. मलाबी तहान लागती, पर मी कुजत न्हाय."