हेल्मेटच्या आतले डोळे

राजूदादा रेसमध्ये मेला नाही.

सकाळपासून गाडी हवेत उडतानाचा व्हिडिओ आणि खाली "ट्रॅकवरच गेला आमचा वाघ" असले स्टेटस टाकणाऱ्यांनो, आधी हे वाचा.

वर्षापूर्वी आजच्याच दिवशी तो कोलाड नाक्यावर चहा पीत उभा होता. दुपारच्या शिफ्टची बस घेऊन धाटावला जायचं होतं. छातीत कळ आली. ग्लास टपरीवर नीट ठेवला आणि खाली बसला.

बस. एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : भात कापून झालं की आमच्याकडे मोकळ्या शेतात मातीचा ट्रॅक करून जीपच्या रेस लागतात. दादा तिथला राजा. दार नसलेली जुनी जीप आणि लाल हेल्मेट.

बाकीचे दिवस तो कंपनीची शिफ्टबस चालवायचा. आणि काय चालवायचा! सायकलवाले पुढे जायचे.

मागून कोणीतरी हमखास ओरडायचं, "ओ राजूशेठ, रेसला विमान आणि आम्हाला बैलगाडी काय?"

तो मान पण वळवायचा नाही. "रेसला माझ्या मागे कोण बसलेलं नसतं."

आता मी त्या बसमध्ये काय करत होतो?

मी कंपनीत नव्हतो. एसवायला होतो. मला आवडणारी एक मुलगी धाटावला कंपनीच्या लॅबमध्ये लागली, म्हणून मी लेक्चर सोडून त्या बसला जायचो.

पहिल्याच आठवड्यात दादाने पकडलं. "कार्ड?"

"नाय."

"मग काम काय तुझं?"

अख्खी बस हसली. ती सोडून. ती खिडकीबाहेर बघत होती.

"फाट्यावर उतरायचं. गेटपर्यंत नाय नेणार," दादा म्हणाला. आणि बसू दिलं. चार महिने.

तिला मी एक शब्द बोललो नाही. कॉलेज मात्र सुटलं ते सुटलंच. घरात राडा झाला. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात लागलो. हात बरा म्हणून दुसऱ्याच सीझनला शेठने आखणी दिली. म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम. ते कोणालाही देत नाहीत.

म्हणून वर्षश्राद्धाला दादाचा अर्धपुतळा बसवायचं ठरलं तेव्हा फॅन क्लबचा बंड्या म्हणाला, "डोळे तूच काढायचे. देवासारखे आले पाहिजेत."

काढले. एका बैठकीत. बंड्या बघून रडला.

काल पुतळा टेम्पोत घालून वहिनीला दाखवायला नेला. ती पीठ मळत होती, तशीच बाहेर आली. बराच वेळ बघत राहिली.

"पुतळा बरा हाय. डोळे कोणाचे?"

"दादाचे."

"नाय रे. हे गणपतीचे हायत."

मी तापलो. खरंच तापलो. वहिनीवर! "रोजचं काम हाय माझं हे, वहिनी."

"म्हणूनच सांगते. असं सगळ्यांना माफ केल्यासारखं ते कधी बघायचे?"

परत बघितलं. अर्धी मिटलेली पापणी, लांब ओढलेली कड, पायाशी बसलेल्या भक्तावर नजर. हात सवयीने गेला होता.

पुसले.

ब्रश घेऊन बसलो आणि काहीच येईना.

फोन काढला. दादाचे फोटो इतके की मेमरी फुल. हेल्मेट. हेल्मेट. जिंकल्यावर काळा गॉगल. परत हेल्मेट.

बंड्याला फोन लावला. "दादाचे डोळे कसे होते रे?"

"वाघासारखे."

"अरे मेल्या, नीट सांग ना."

म्हणाला, "रेंज नाय," आणि कट केला.

ह्या माणसाच्या नावाने आम्ही घसे फोडले. त्याला कोणी म्हातारा म्हणालं म्हणून मी नागोठण्याच्या एका पोराचं नाक फोडलंय. आणि त्याचे डोळे आमच्यातल्या एकानेही बघितले नव्हते.

"तू तर बसमध्ये होतास," वहिनी म्हणाली. "समोरच्या आरशात दिसत असतील."

दिसत असणार. मी बघितलंच नाही. मी पुढच्या सीटवरच्या वेणीकडे बघत होतो.

"ते बघायचे तुला. घरी येऊन सांगायचे, आज पण आलेला, आज पण काय बोलला नाय."

"हसायचे ना?"

"हसायचे कसले! जेवण जायचं नाय त्यांना. म्हणायचे, पोरगा कॉलेज बुडवतोय आणि मीच त्याला बसवून नेतोय. उद्या सांगतो, उतर म्हणून. रोज उद्या."

माझ्या हातातला ब्रश सुकला.

मग तीच स्टूल ओढून बसली आणि सांगत गेली. उजवा डोळा डाव्यापेक्षा बारीक. धुळीने कडा कायम लाल. खाली काळं. नजर जरा वर, आरशात बघायची सवय म्हणून. जेवतानाही तसेच बघायचे.

मी काढत गेलो. दोनदा पुसले. तिसऱ्यांदा वहिनी बोलायची थांबली. पदराने पुतळ्याच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"हां," म्हणाली. "दमून आलेत."

आज सकाळी ग्रुपवर फोटो टाकला तर आग लागलीये. दादा थकलेला वाटतो. हा आमचा दादाच नाही. बंड्या लिहितो, डोळे बदल, नाहीतर वरून गॉगल चढवू.

पाच वाजता ट्रॅकच्या बांधावर पडदा उघडणार आहे. डोळे बदलणार नाहीत. गॉगल घेऊन येणाऱ्याला आधी मी भेटेन. वहिनीने दम दिलाय, राडा केलास तर पुतळा परत घरात घेऊन जाईन. म्हणून हात खिशात ठेवायचा प्रयत्न करेन. प्रयत्न.

दादा, एक सांगायचं राहिलं.

तू उतर म्हणाला असतास तरी मी उतरलो नसतो. मागच्या बसने आलो असतो. कॉलेज मी सोडलं. माझ्या डोक्याने, माझ्या पायांनी. तुझ्यामुळे नाही.

आता तरी जेव नीट.

मनापासून नमस्कार, दादा. येतोच पाचला.